पुरस्कारांच्या यादीतल्या कादंबऱ्यांना गुण कसे देता?

पानगळ

आमच्या वाचनगटातलं भांडण इथे आणून टाकते आहे. आपापसात मिटेना, तेव्हा म्हटलं बाहेरची माणसं काय म्हणतात ते तरी बघू.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणारे आम्ही काही जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. पंचविशीपासून सत्तरीपर्यंत सगळे आहेत. यंदा ठरलं की फक्त पुरस्कार मिळालेल्या नाहीतर अंतिम यादीत आलेल्या कथा-कादंबऱ्या वाचायच्या. एक मराठी, एक बाहेरची. मराठीसाठी साहित्य अकादमीची यादी समोर ठेवली: नंदा खरे यांची 'उद्या' (२०२०), किरण गुरव यांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' (२०२१), प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' (२०२२), कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (२०२३). २०२४चा पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या समीक्षेला आहे, म्हणून त्या वर्षीची युवा पुरस्काराची 'उसवण' घेतली, देविदास सौदागर यांची. बाहेरून गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' (मूळ हिंदीतूनच), सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' आणि बानू मुश्ताक यांच्या कथा.

गटातल्या एका उत्साही प्राण्याने शीट बनवली. प्रत्येकाने पाचपैकी तारे द्यायचे, सरासरी आपोआप निघते. इथे माशी शिंकली. 'रिंगाण'ला काहींनी पाच दिले, काहींनी दोन. 'उसवण'ला जवळजवळ सगळ्यांनी चार. शीटच्या हिशेबाने 'उसवण' वर गेली. पण त्या संध्याकाळी आम्ही 'रिंगाण'वर घसा बसेपर्यंत बोललो होतो आणि 'उसवण'वर सगळे लवकर सहमत होऊन चहाला उठलो होतो. ('उसवण' मला मनापासून आवडली आहे. तयार कपड्यांच्या लाटेत शिलाईचा धंदा कसा उसवत जातो, हे इतक्या कमी पानांत आणि रडगाणं न गाता लिहिणं सोपं नाही.)

तर प्रश्न असे. तुम्ही गुण कसे देता? अर्धवट सोडलेल्या पुस्तकाला देता का? आणि सरासरीला काही अर्थ आहे का?

अप्पाबळवंती

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

जोशीबुवा

मुळात तारे देण्याचा प्रकारच मला पटत नाही. दहावीच्या पेपराला गुण देता येतात, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्याकडे नमुना उत्तर असते. कादंबरीचे नमुना उत्तर कोणाकडे आहे? आमच्या काळी नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणायचो. आवडले तर दुसऱ्याला सांगायचो, नाही आवडले तर गप्प बसायचो. कोणी विचारत नव्हते की पाचपैकी किती.

दुसरे असे की पुरस्कार मिळाला म्हणून वाचणे ही सवयच चुकीची. १८४८ सालापासून चालत आलेल्या त्या ग्रंथालयात पुरस्कार न मिळालेली उत्तम पुस्तके कपाटेच्या कपाटे भरून आहेत.

पानगळ

बुवा, मान्य. पण आम्हाला निवडायला काहीतरी धागा हवा होता. नाहीतर दर महिन्याला 'पुढचं काय वाचायचं' यातच व्हॉट्सअॅपवर युद्ध व्हायचं.

बायनरी_बाळ्या

सरासरीचं उत्तर सोपं आहे, नका काढू. पाच, पाच, एक, एक याची सरासरी तीन. तीन, तीन, तीन, तीन याचीही तीनच. पहिलं पुस्तक काही लोकांना झपाटून टाकणारं आहे आणि दुसरं कोणाच्या अंगालाही न लागणारं. शीटमध्ये दोन्ही जुळी भावंडं. काढायचंच असेल तर गुणांचा पसारा किती आहे तो आकडा काढा. ज्याचा पसारा मोठा, त्यावर चर्चा ठेवा. 'रिंगाण'चं नेमकं तेच झालंय तुमच्याकडे.

अर्धवट सोडलेल्याला मी तारे देत नाही. कुठल्या पानावर सोडलं तेवढं लिहून ठेवतो.

वीणा_वाचते

पुरस्कार आणि तारे यांच्या नात्यावर एक अभ्यास आहे, तो इथे अगदी चपखल बसतो म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बाजार-संशोधनात नोकरी करते, त्यामुळे असलं काही दिसलं की सोडवत नाही.

बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या दोन संशोधकांनी २०१४ साली हा निबंध प्रसिद्ध केला. २००७ ते २०११ या काळात नामांकित इंग्रजी पुरस्कार मिळालेली किंवा त्यांच्या अंतिम यादीत आलेली ६४ पुस्तकं त्यांनी घेतली आणि गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरचे त्यांचे ३८,८१७ अभिप्राय तपासले. यात हुशारी अशी की विजेत्या पुस्तकाची तुलना त्यांनी वाटेल त्या पुस्तकाशी न करता यादीत येऊन हरलेल्या पुस्तकाशी केली. म्हणजे दोन्ही साधारण एकाच तोलाची, परीक्षकांनी आधीच पारखलेली. फरक फक्त शेवटच्या निर्णयाचा.

निघालं काय? पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचे वाचक वाढले. आणि तारे घसरले. हरलेल्यांपेक्षा जास्त घसरले.

त्यांनी याची दोन कारणं मांडली आहेत. एक, पुरस्कारामुळे वाचकवर्ग नुसता मोठा होत नाही, तो बदलतो. आधी त्या लेखकाचे किंवा त्या प्रकारच्या लेखनाचे चाहते वाचत होते. आता ज्यांच्या आवडीनिवडी पार वेगळ्या आहेत असे लोकही ते हातात घेतात. दोन, एखादी गोष्ट सगळे वाचायला लागले की काहींना तिचा कंटाळा येतो, नाक मुरडावंसं वाटतं.

पहिलं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा अर्थ असा की तारे घसरले तेव्हा पुस्तकात एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलला तो वाचणारा. म्हणजे दोन तारे हा पुस्तकाबद्दलचा निकाल म्हणून वाचण्याऐवजी 'हे पुस्तक या माणसापर्यंत कसं पोचलं' याची नोंद म्हणून वाचावा. पानगळ, तुमच्या गटात 'रिंगाण'ला दोन देणारे कोण आहेत? ते एरवी काय वाचतात? शीटमध्ये तो रकाना आहे का?

पानगळ

वीणा, तो रकाना नाही, पण उत्तर मला पाठ आहे. दोन देणाऱ्यांतले एक काका फक्त इंग्रजी थ्रिलर वाचणारे, बायकोबरोबर येतात. दुसरी आमची सर्वांत तरुण मेंबर. तिचं म्हणणं, भाषा कळायलाच निम्मं पुस्तक गेलं आणि उरलेल्या निम्म्यात मी दमले होते.

पंचगंगेचं_पाणी

आता राहवत नाही म्हणून लिहितो. मूळचा पन्हाळ्याकडचा, सध्या मुक्काम वारजे.

धरणासाठी उठवलेलं गाव, तिथं मागं राहिलेली, रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला परत जुन्या गावठाणात जाणारा माणूस, एवढाच 'रिंगाण'चा जीव आहे. तो ज्या बोलीत सांगितलाय ती बोली काढली तर राहतं काय? विस्थापितांच्या प्रश्नावरचा एक परिच्छेद. तो पेपरातपण येतो.

मला राग या गोष्टीचा येतो की पुण्यातला वाचक 'ऑर्बिटल' वाचताना अंतराळयानातल्या यंत्रांची नावं निमूटपणे वाचतो, फ्रेंच पदार्थ आले तर गूगल करतो, आणि चार तासांवरच्या गावातली बोली आली की 'जड आहे' म्हणून दोन तारे कापतो. बोलीसाठी कापलेले तारे लेखकाचे नसतात हो.

कोथरूडची_कल्याणी

पंचगंगेचं_पाणी, राग समजू शकते, पण मी पुण्यातच जन्मले वाढले म्हणून मला बोली कळत नसेल तर मी काय खोटे तारे देऊ? मी प्रामाणिकपणे अडखळले. ती नोंद करण्याचा हक्क मला आहे. आणि 'रेत समाधि'लाही मी इतकीच अडखळले. पहिला मोठा भाग आजी भिंतीकडे तोंड करून पडून आहे आणि भाषा नुसती कोलांट्या मारते आहे. तिथे तर बोलीचा प्रश्न नव्हता. मला कथानक पुढे सरकायला लागतं, बस.

पंचगंगेचं_पाणी

कल्याणीताई, अडखळलात हे जरूर लिहा. 'मी अडखळले' आणि 'पुस्तक दोन ताऱ्यांचं आहे' ही दोन वाक्यं एक नाहीत एवढंच म्हणणं. जाता जाता, 'रेत समाधि'त ती आजी उठते तेव्हा काय होतं ते बघायला तरी परत उघडा. सरहद्दीपार जाते बाई, ऐंशी वर्षांची.

कोथरूडची_कल्याणी

बरं. पावसाळ्यात बघू.

फक्त_सत्य

कशाला डोकी फोडताय? सगळं लॉबिंग असतं. पुरस्कार कोणाला मिळतो ते आधीच ठरलेलं असतं.

काउंटरपलीकडून

हे वाक्य पुरस्कारांवरच्या प्रत्येक चर्चेत येतं, म्हणून पद्धत काय आहे ते लिहिते. शहरातल्या एका ग्रंथालयात काम करते, त्यामुळे दर डिसेंबरात हा प्रश्न मला काउंटरवरही ऐकावा लागतो.

साहित्य अकादमी २४ भाषांत पुरस्कार देते. आधी जाणकारांकडून पुस्तकांची मोठी यादी होते, मग ती गाळून लहान होते आणि शेवटी तीन परीक्षक निवड करतात, एकमताने किंवा बहुमताने. निकालाबरोबर परीक्षकांची नावंही जाहीर होतात. पुरस्काराची रक्कम एक लाख रुपये, सोबत ताम्रपट. म्हणजे भांडायचं असेल तर कोणाशी भांडायचं ते तरी माहीत असतं. त्यात आवडीनिवडी, ओळखीपाळखी नसतात असं मी म्हणणार नाही. तीन माणसं म्हटली की तीन माणसांची अभिरुची आलीच.

माझी तक्रार वेगळीच आहे. इंग्रजी कादंबऱ्यांच्या बुकर पुरस्काराची तेरा पुस्तकांची यादी उन्हाळ्याच्या शेवटी येते, मग सहांची येते, मग नोव्हेंबरच्या सुमारास निकाल. मधल्या काळात जगभरचे वाचक ती पुस्तकं वाचून आपापला विजेता ठरवतात, पैजा लावतात, निकालावर चिडतात. पुस्तकांच्या दृष्टीने तेच खरे दिवस. आपल्याकडे यादी गाजते कधी? निकाल लागतो त्याच दिवशी लोक पहिल्यांदा पुस्तकाचं नाव ऐकतात, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन मागतात, आणि आमच्याकडे एकच प्रत असते, ती कोणीतरी नेलेली असते. तिसऱ्या आठवड्यात ती परत येते तेव्हा मागणारे उत्साह संपवून बसलेले असतात. मराठी वाचकाला गुण द्यायला मिळतात ते निकाल लागल्यावर. आधी मिळाले तर गंमत आहे.

आणखी एक. अकादमीच्या पुरस्कारात कादंबरी, कविता, समीक्षा, आत्मचरित्र सगळी एकाच रांगेत. २०१९ला अनुराधा पाटील यांच्या कविता, त्याच्या आदल्या वर्षी म. सु. पाटील यांची समीक्षा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत निदान प्रकार वेगळे आहेत, कादंबरीला ह. ना. आपट्यांच्या नावाने, कथासंग्रहाला दिवाकर कृष्णांच्या नावाने. कवितासंग्रह आणि कादंबरी यांना एकाच मोजपट्टीने मोजायला मला सांगितलं तर मी रजा टाकीन.

जोशीबुवा

काउंटरपलीकडून यांचा प्रतिसाद उत्तम. फक्त_सत्य यांना एवढेच सांगतो की नंदा खरे यांना 'उद्या'साठी अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नाकारला होता, कारण काही वर्षांपासून त्यांनी पुरस्कार घेणेच थांबवले होते. लॉबिंग करून मिळवलेली वस्तू कोणी नाकारत नाही.

आणि जी. ए. कुलकर्णींचे उदाहरण तर आपल्याकडे आहेच. 'काजळमाया'ला १९७३ सालचा अकादमी पुरस्कार मिळाला, पुढे पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला आणि त्यांनी पुरस्कार परत केला. आज 'काजळमाया' वाचणारा कोणी तिचे प्रकाशनवर्ष तपासून वाचतो काय?

बायनरी_बाळ्या

प्रकाशनवर्षावरून आठवलं. बुकरनेही १९७०च्या आसपास नियम बदलला आणि त्या बदलात १९७० सालची पुस्तकं कुठल्याच वर्षात बसेनात. शेवटी चाळीस वर्षांनी, २०१० साली, 'हरवलेला बुकर' म्हणून वेगळा पुरस्कार दिला. जे. जी. फॅरेल यांच्या 'ट्रबल्स'ला मिळाला. ते तोवर गेले होते.

अकादमीचा नियमही मजेशीर आहे. पुरस्काराच्या वर्षाआधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्यामागची पाच वर्षं धरायची. म्हणजे २०२३च्या पुरस्कारासाठी २०१७ ते २०२१मधली पुस्तकं. मला हा नियम आवडतो. ताज्या पुस्तकाभोवतीचा गाजावाजा खाली बसायला वेळ मिळतो.

मादाम_मंगला

निवृत्तीनंतर आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच शिकले, त्यामुळे गोंकूर या फ्रेंच साहित्य पुरस्काराबद्दल थोडं लिहू का?

१९०३पासूनचा पुरस्कार. दहा सदस्य, पॅरिसमधल्या द्रूआँ नावाच्या रेस्तराँमध्ये जेवायला बसतात आणि तिथेच मतदान. पुरस्काराची रक्कम दहा युरो! दहा लाख नव्हे, दहा. विजेते तो चेक वटवण्याऐवजी म्हणे फ्रेम करून लावतात, आणि खप मात्र लाखांत जातो. मतदान फेऱ्यांनी होतं. २०२२ साली १४ फेऱ्या झाल्या तरी पाच-पाच मतं. शेवटी अध्यक्षांचं मत दुप्पट धरून ब्रिजित जिरो यांना पुरस्कार दिला. आता सांगा, त्या कादंबरीला गटाच्या शीटमध्ये किती तारे पडले असते? पाच जणांचे पाच आणि पाच जणांचे तीन? फेऱ्यांनी मतदान केलं की माणसं एकमेकांना पटवायला लागतात. तारे देताना कोणी कोणाला पटवत नाही. आपला आकडा टाकायचा आणि घरी जायचं.

अप्पाबळवंती

मादाम, दंडवत. जेवून मतदान ही पद्धत पुण्यात लगेच रुजेल. डेक्कनला टेबल धरतो.

पानगळ

मादाम, 'पटवणं' हा मुद्दा लागला. आमचे थ्रिलरवाले काका दोनवरून साडेतीनवर यायला तयार झाले होते हो चर्चेच्या शेवटी. पण आकडा आधीच टाकलेला, आणि शीटवाल्याने लॉक केलेला.

वीणा_वाचते

लॉक?! तारे आधी टाकायला लावून मग चर्चा करता? उलटं करा की.

किंवा दोन्ही वेळा घ्या. चर्चेआधीचा आकडा, चर्चेनंतरचा आकडा. कोणत्या पुस्तकाचा आकडा चर्चेने हलतो ते बघायला मला फार आवडेल. माझा अंदाज, 'उसवण' जागची हलणार नाही आणि 'बाहुल्या' बरीच हलेल. बांदेकरांच्या त्या कादंबरीत कळसूत्री बाहुल्यांची कोकणातली परंपरा आणि आजचं राजकारण असं एकमेकांत विणलंय की एकट्याने वाचताना बरंच निसटतं. शेजारच्याने एक संदर्भ सांगितला की आधीची दहा पानं परत वाचावीशी वाटतात.

बायनरी_बाळ्या

ताऱ्यांऐवजी क्रम लावा असं सुचवणार होतो. पहिलं, दुसरं, तिसरं. कारण तुमचे चार आणि माझे चार एक नसतात. काही लोक पाच देतच नाहीत, काही लोक तीनच्या खाली उतरत नाहीत. क्रमात ही भानगड नाही. अठराव्या शतकात बोर्डा नावाच्या फ्रेंच माणसाने क्रमांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत सुचवली होती, अजून वापरात आहे.

पण क्रमातही एक सापळा आहे, तोही त्याच काळातल्या कोंदोर्से यांनी १७८५ साली दाखवला. तीन वाचक घ्या. पहिल्याचा क्रम: उद्या, रिंगाण, उसवण. दुसऱ्याचा: रिंगाण, उसवण, उद्या. तिसऱ्याचा: उसवण, उद्या, रिंगाण. आता दोन-दोन पुस्तकांची कुस्ती लावा. 'उद्या' 'रिंगाण'ला दोन विरुद्ध एक मतांनी हरवते. 'रिंगाण' 'उसवण'ला तसंच हरवते. म्हणजे 'उद्या'ने 'उसवण'ला सहज लोळवायला हवं ना? मोजा. 'उसवण' 'उद्या'ला दोन विरुद्ध एक हरवते. चक्र पूर्ण. तिघेही शहाणे, तिघांचेही क्रम पक्के, आणि गटाचा विजेता कोणीच नाही.

तेव्हा परीक्षकांनी दोन विजेते जाहीर केले की लोक त्यांना डरपोक म्हणतात, ते मला पटत नाही. १९९२ला बुकर विभागून दिला, मग एकच विजेता हवा असा नियम केला, आणि २०१९च्या परीक्षकांनी तो नियम सरळ मोडून मार्गारेट अ‍ॅटवुड आणि बर्नार्डीन एव्हरिस्टो या दोघींना दिला. आयोजक बजावत होते, तरीही.

कोथरूडची_कल्याणी

तुझं गणित वाचून मला कादंबरीच सोपी वाटायला लागली.

काउंटरपलीकडून

विभागून देण्याबद्दल मी विरुद्ध बाजूला आहे. परीक्षकांचं काम निवडणं. सहा चांगली आहेत हे यादीनेच सांगितलेलं असतं.

आणि परीक्षक कसे वाचतात हेही ध्यानात घ्या. बुकरच्या पाच परीक्षकांना काही महिन्यांत दीडशेच्या आसपास पुस्तकं वाचावी लागतात, आणि यादीतली पुन्हा एकदा, शेवटची सहा तर तिसऱ्यांदाही. पहिल्या वाचनात चमकणारं पुस्तक तिसऱ्या वाचनात टिकेल असं नाही. आपण एकदा वाचून तारे देतो. 'ऑर्बिटल'चीच गोष्ट घ्या. १३६ पानं, सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, घडत काहीच नाही. पहिल्यांदा वाचून मीही खांदे उडवले होते. पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातल्या वाक्यांचा ठेका ऐकू आला. तिसऱ्यांदा वाचेन का? बहुधा वाचेन, लहान आहे म्हणून. सहाशे पानांच्या कादंबरीला हा न्याय कोण देणार?

तासिका_चुकवणारे_सर

जरा उशिरा आलो. कॉलेजात मराठी शिकवतो.

फ्रान्समध्ये १९८८पासून शाळकरी मुलांचाही गोंकूर आहे. मोठ्यांच्या पहिल्या यादीतली सगळी पुस्तकं पंधरा ते अठरा वयाची मुलं दोनेक महिन्यांत वाचतात, वर्गात भांडतात, प्रतिनिधी निवडतात आणि स्वतःचा विजेता ठरवतात. बहुतेकदा तो मोठ्यांपेक्षा वेगळाच निघतो. मी आमच्या प्रथम वर्षाला असला प्रयोग करून पाहिला. पूर्ण यादी नव्हे, आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' आणि 'बाळू'मधल्या निवडक कथा आणि 'उसवण' पूर्ण. तारे द्यायला बंदी. प्रत्येकाने एकच गोष्ट लिहायची, हे पुस्तक घरातल्या किंवा ओळखीतल्या कोणाला वाचायला द्याल आणि का.

बार्शीहून आलेल्या एका मुलाने लिहिलं, 'उसवण' मामाला देईन, मामाचं दुकान आहे, पण तो शेवट वाचू नये म्हणून शेवटची पानं स्टेपल करून देईन. मी समीक्षेची पुस्तकं शिकवतो, त्या पुस्तकात इतकं नेमकं मूल्यमापन मला क्वचित सापडलं आहे. एका मुलीने लिहिलं की लोमटे यांच्या कथा मी कोणालाच देणार नाही, कारण आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे, ज्यांना माहीत नाही त्यांना द्या. ती परभणीची. पुण्यातली मुलं तिच्याकडे बघत राहिली.

आकडे मागितले असते तर दोघांनी चार लिहिले असते.

पंचगंगेचं_पाणी

सर, ती मुलगी फार थोर आहे. तिला माझा नमस्कार सांगा.

जोशीबुवा

सरांचा प्रतिसाद वाचून 'उसवण' मागवली. तारे देणार नाही.

फक्त_सत्य

लॉबिंगवरून विषय वळवलात तुम्ही सगळ्यांनी. चालू द्या. 'उद्या' मीही वाचली आहे, चांगली आहे.

पानगळ

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी भेट झाली. हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. कोंदोर्सेच्या परिच्छेदाला शीटवाला उठून उभा राहिला, बाळ्या, तुझा नंबर मागतोय.

सरासरीचा रकाना काढून टाकला. तारे ठेवलेत, कारण ते काढायला दोघे जण काही केल्या तयार होईनात, पण आता चर्चेनंतर टाकायचे. वीणाने सांगितल्याप्रमाणे 'एरवी काय वाचता' आणि सरांच्या वर्गातलं 'कोणाला द्याल' हे दोन रकाने वाढवले. सोडलं असेल तर पान क्रमांक. काकांनी 'रिंगाण'च्या 'कोणाला द्याल'मध्ये लिहिलं: 'धरणाच्या खात्यात नोकरी केलेल्या माझ्या मोठ्या भावाला. भांडण होईल.' तारे अजून दोनच आहेत त्यांचे, आणि ते बदलायला मी सांगणार नाही.

बोलीचा वाद मात्र सुटला नाही. आमच्या तरुण मेंबरचं म्हणणं, कळायला वेळ लागला ही माझी अडचण, पण वेळ लागून जे मिळालं ते मला पुरेसं वाटलं नाही, ही पुस्तकाची. पंचगंगेचं_पाणी, यावर तुम्ही येऊन तिच्याशी बोला, मी मध्ये पडत नाही.

पुढच्या महिन्यात 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. कथा लांब आहेत, त्यामुळे पूर्ण पुस्तक नाही वाचलं तरी चालेल, शीर्षककथा हवीच. दोन प्रती कमी पडताहेत. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात 'मागवून देतो' म्हणालेत, पण कधी ते सांगत नाहीत.

अप्पाबळवंती

एक प्रत माझ्याकडे आहे. समासात पेन्सिलीने बरंच खरडलंय, चालेल का?

पानगळ

खरडलेलं असेल तर आधी मलाच हवी. शनिवारी सकाळी चौकात येते.

पंचगंगेचं_पाणी

दुसरी माझ्याकडून घ्या. आणि भेटीला मी येणार, त्या तरुण मेंबरना आधीच सांगून ठेवा.